झाकणातलं पाणी

आमच्या ह्यांचं काम म्हणजे नळीतली हवा काढणं. एक भलंमोठं गोल यंत्र आहे, त्याच्या नळीतून इवलेसे कण तासन्‌तास गरगर फिरतात. वाटेत हवा आडवी आली की कण धडकून वाया. आतून बोटाचा ठसा उमटला तरी हवा ओढणारे पंप आठवडाभर कुरकुरतात म्हणे. तीस वर्षं हातमोजे घालून काम केल्यावर ह्यांचं पक्कं मत झालंय, की चूक होते ती दुसऱ्याचीच.

घरीही तेच. भांडी घासून पुसून ठेवावीत, तर मोठ्या झाकणाखाली पाणी साचलेलंच. "तू नीट पुसत नाहीस," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. अहो, पुसून पुसून माझे हात झिजले!

गेल्या महिन्यात नळीतल्या हवेचा दाब एका आकड्यावर अडून बसला, खाली येईना. ह्यांनी प्रत्येक सांध्यावर बाहेरून हीलियम वायू फवारला. कुठे फट असती तर तो आत शिरला असता आणि मीटर ओरडला असता. मीटर ढिम्म. तरी ह्यांनी साहेबांना लिहून दिलं, वेल्डरचा जोड कच्चा आहे. बारा वर्षं ह्यांच्या हाताखाली राबलेला, दोन मुलींचा बाप तो! सोमवारी त्याला काढणार होते.

रविवारी दुपारी मी ह्यांच्यासमोर झाकण खडखडीत कोरडं केलं. "बघा आता."

टप.

मुठीच्या स्क्रूजवळून थेंब पडला. पोकळ मुठीत अडकलेलं पाणी आट्यांतून सावकाश सुटत होतं. हे डोळे फाडून बघत राहिले, आणि मग चेहराच उतरला.

"अगं, नळीच्या आत आरपार भोकाचे स्क्रू लावायचे असतात, मागची हवा निघून जावी म्हणून. एक कमी पडला. मी साधाच पिळला. त्याच्यामागे अडकलेली हवा अशीच झिरपतेय."

"मग बसलाय काय? आधी वेल्डरकडे जा!"

शर्टाची बटणं वरखाली लावून पळाले. सोमवारी साहेबांपुढेही चूक कबूल केली. स्क्रू बदलला, आतली उरलीसुरली ओल निघावी म्हणून नळी पुन्हा तापवली, नवव्या दिवशी आकडा खाली आला. वेल्डर राहिला, ह्यांना मेमो मिळाला.

त्या सोमवारी संध्याकाळी वेल्डरची माफी कशी मागितली, साहेबांना काय सांगितलं, सगळं रंगवून सांगत होते. मी झाकण पुढे केलं.

"आणि मला?"

झाकण हातात घेऊन मूठ उगाच पिळून बघितली. मग पुटपुटले, "तू नीटच पुसत होतीस."

"ऐकू नाही आलं."

तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा शेजारीण खिडकीत आली होती. बरंच झालं, साक्षीदार मिळाली.