फणसाचा खोका

आमचे विठूभावजी स्पीकर बनवतात, असं मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या भावाला वाटलं, दुरुस्त करत असतील. दुरुस्त नाही हो, बनवतात. आतला वाजणारा गोल भाग तेवढा मुंबईहून येतो, पण त्याच्याभोवतीचा खोका भावजी स्वतःच्या हाताने करतात, आमच्याच पडवीत. आणि तो खोका फणसाच्याच लाकडाचा. सागाचा नाही, प्लायवुडचा तर नाहीच नाही. "फणसाला माणसाचा गळा हाय, वैनी," असं ते म्हणायचे. मी म्हणायची, असेल बाबा, तुम्ही म्हणताय तर असेल.

मी त्यांची मोठी वहिनी. आमचे हे मुंबईला नोकरीला, त्यामुळे घर मी आणि माझी धाकटी जाऊ नम्रता, म्हणजे भावजींची बायको, अशा दोघी बघतो. ती लांज्याला काजूच्या कारखान्यात जाते. भावजींचं गिऱ्हाईक म्हणजे आसपासची भजनी मंडळं आणि गावोगावी नमनाचे खेळ करणारे नमनवाले. बुवांचा आवाज पखवाजाखाली दबता नये, मागे बसलेल्या म्हातारीलाही शब्द कळायला हवा, एवढंच त्यांचं मागणं. तेवढ्यासाठी माणसं आमच्या पडवीत तास तास बसायची, चहा पिऊन पिऊन माझा जीव खायची. मग टेम्पोवर रचलेल्या त्या स्पीकरच्या भिंती आल्या. आता नमनालासुद्धा छाती हादरवणारा आवाज लागतो. देवाला काय कमी ऐकू येतं? पण मंडळातल्या पोरांना बोलायची सोय नाही. सगळे भाड्याच्या भिंती आणू लागले आणि आमची पडवी ओस पडली.

बरेच दिवस भावजी नुसते रंधा पुसत बसायचे. मग एकदा जेवताना म्हणाले, "मंडळाला नको तर नको. घरात बसून ऐकणाऱ्यासाठी दोन स्पीकरांचा बारका जोड करतो. दुकानात ठेवायचा नाय. ज्याला हवा त्याने मागावा, मग मी त्याच्यासाठी करीन." नम्रताने फोनवर फोटो टाकले. आमच्या वाडीतला रितेश मुंबईत असतो, त्याने पहिला जोड नेला. त्याच्या शेजाऱ्याने दुसरा नेला. मग अनोळखी लोक विचारू लागले, तेही घाटावरचे, सोलापूरचे, नागपूरचे.

लाकूड संपलं. घरामागे कापा फणस उभा होता, दोघा भावांच्या मालकीचा. भावजींनी मला विचारलं, मी यांना फोन केला आणि आम्ही हो म्हटलं. झाड पाडलं त्या दिवशी मी मागच्या दाराला गेले नाही. मला बघवलं नसतं.

फळ्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवल्या. आमच्याकडे दाराचं, पाटाचं, नांगराचं लाकूड असंच सुकतं. माळ्यावर वर्ष काढलेली फळी सुकली, याबद्दल इथे कुणी शंका घेत नाही. भावजींनीही घेतली नाही. त्यांनी जोड केले, घासून पुसून गुळगुळीत केले आणि घाटावर पाठवले.

चैत्रात नागपूरच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ आला. फळी मधोमध तडकलेली, आणि गाणं लावलं की खोका गुरगुरत होता. भावजी म्हणाले, वाटेत आपटला असणार. मग सोलापूरहून तसाच फोन आला, मग आणखी एक. तेव्हा ते एसटीने सोलापूरला गेले. परत आले ते ओठ फुटलेले, डोळे लाल.

"वैनी, तिथं धुतलेला लेंगा चहा पिईपर्यंत वाळतो," ते उंबऱ्यातच म्हणाले. "आपलं लाकूड सुकलेलं नव्हतंच. आपल्या हवेत जेवढं सुकेल तेवढंच सुकलं होतं."

आमच्या घरात कुणी घाटावर उन्हाळा काढलेला नाही. हवा तिथेही हवाच असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

भावजींनी एकेकाला स्वतः फोन करून जोड परत मागवले. ज्यांची तक्रार नव्हती त्यांनाही फोन केला. नम्रता खवळली. "ते बिचारे खुशाल ऐकतायत, त्यांना कशाला सांगताय?"

"माझा खोका कुणाच्या घरात गुरगुरायचा आणि मी इथं भात जेवायचा?"

जोड आले आणि पडवीत भिंतीला लागून रचले गेले. जाणारा-येणारा विचारायचा, एवढे कसले खोके, आणि मी दार लोटून घ्यायची.

मग घरात रोजची वादावादी सुरू झाली. नम्रताचं म्हणणं, सगळं जग दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचे खोके करतं, तुम्हीच काय मोठे लागून गेलात? बोर्ड उन्हाळ्यात तडकत नाही, त्यासाठी झाड पाडावं लागत नाही, माल दुकानातून उचलून आणता येतो. तिच्या हट्टापायी भावजींनी बोर्डाचा एक जोड केलासुद्धा. पण त्यांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. खोका इथे जोडायचाच नाही. नुसत्या फळ्या गिऱ्हाइकाकडे पाठवायच्या, दोन महिने त्यांना त्या घराच्या हवेत राहू द्यायचं, आणि मग आपण जाऊन तिथेच जोडायचा. त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं. एकाने हसून विचारलं, हॉलमध्ये लाकडं रचून ठेवू काय? तयार झाला तो सोलापूरचा एक निवृत्त मास्तर, एकटाच. एका मास्तरावर घर चालत नाही, हे नम्रताने त्यांना तोंडावर सांगितलं. बरोबरच सांगितलं.

श्रावणातल्या दमट हवेत, परत आलेल्या खोक्यांच्या भेगा आपोआप मिटल्या. बोट फिरवलं तरी लागेनात. भावजींनी त्यातला एक जोड उचलला, शेजारी बोर्डाचा ठेवला, आणि नम्रताला बोलावलं. मीही गेले.

"मी भिंतीकडे तोंड करून बसतो," ते म्हणाले. "तू एकदा हा लाव, एकदा तो. मला ओळखता आलं तर मी फणसाचंच करणार, मास्तर एक तर एक. नाय ओळखलं तर उद्या बोर्ड आणतो. मग फणसाचं नाव काढणार नाय."

नम्रताचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं, उगाच का खोटं बोला. मी दोन्ही जोड आधी ऐकले होते आणि मला काडीचाही फरक कळला नव्हता.

तिने एका बुवांचं भजन लावलं. भावजी थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हा फणस." तो बोर्ड होता. तिने वायर बदलली. "आता बोर्ड," ते म्हणाले. तो फणस होता. तिसऱ्यांदा त्यांनी खूप वेळ घेतला. मान खाली, हात मांडीवर घट्ट धरलेले. मग हळूच म्हणाले, "हा फणस. गळा ऐक ना, नम्रता. ऐक."

तो बोर्ड होता.

"काय झालं?" त्यांनी वळून न बघताच विचारलं. "बरोबर का चूक?"

नम्रताने माझ्याकडे बघितलं. किती महिने ती याच एका शब्दासाठी भांडत होती. चूक. एवढं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरात बोर्ड आला असता, काम लागलं असतं, दोन घास सुखाचे मिळाले असते. तिने घसा खाकरला.

"बरोबर," ती म्हणाली.

"तिन्ही?"

"तिन्ही."

भावजी वळले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, तसेच हसत राहिले.

स्वयंपाकघरात मी तिला धरलं. मला नुसता संताप आला होता. "अगं बये, काय केलंस हे? स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओतलंस."

"मग तुमी जा ना ताई," ती म्हणाली. "ते बसलेत पडवीत. तुमी सांगा त्यांना."

मी पदराला हात पुसत दारापर्यंत गेले. भावजी फळ्यांवर पेन्सिलने खुणा करत होते, तोंडाने तेच भजन चाललं होतं. मी परत आले आणि तांदूळ निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी पालीकडे कुणाचा तरी फणस विकायचा आहे असं कळलं, तो बघायला भावजी सकाळच्या गाडीने गेले. त्याच गाडीने नम्रता लांज्याला जायला निघाली. कारखान्यात आता दुसरी पाळीही मिळते का, ते ती विचारणार होती.