'शांत बसते' असा शेरा

"अहो, जरा पुसून घ्या. मावशी आज आलेली नाही."

तिसरीच्या वर्गशिक्षिका दारात उभ्या होत्या. आत कुणा मुलाला उलटी झाली होती. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसले होते. पालक म्हणून बसले होते. माझी मुलगी त्याच वर्गात, पहिल्या बाकावर होती. बाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय, सवय असेल."

मी उठले. बादली आणली. फडकं पिळलं. चाळीस पोरांच्या पायांमधून, गुडघ्यांवर बसून, दुसऱ्याच्या पोराची ओक पुसली. कुणीतरी हसलं. कुणीतरी 'शीऽऽ' केलं. माझी मुलगी ताठ बसून फळ्याकडे बघत होती. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी तिच्या डायरीत शेरा आला. 'वर्गात शांत बसते. सुधारणा दिसते आहे.' तो मी कंपनीच्या बसमध्ये तीनदा वाचला. मला आनंद झाला. आज हे लिहिताना माझीच मला किळस येते, पण झाला.

माझ्या मुलीला एडीएचडी आहे. तिचं मन एका जागी ठरत नाही, अंगही ठरत नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती उत्तर देणार. डबा विसरणार, पेन्सिली हरवणार, रांगेतून सुटून मांजरामागे पळणार. बालवाडीपासून तक्रारी. आधी मी मारलं. मग नवस सोडून बाकी सगळं केलं. शेवटी नारायण पेठेतल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. तीन भेटींनंतर ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिच्या मेंदूची ठेवण अशी आहे, यात तुमच्या वळणाचा काही दोष नाही. शाळेसाठी त्यांनी चिठ्ठी दिली. पुढे बसवा, काम थोडं थोडं करून द्या, मधे उठू द्या.

मुख्याध्यापिकांनी ती चिठ्ठी दोन बोटांत धरून वाचली. "डॉक्टरांना वर्ग सांभाळायचा नसतो," म्हणाल्या. मग प्रवेशाचा जुना फॉर्म काढून पुढ्यात ठेवला. त्यावर जातीचा रकाना होता. आम्ही तिथे बौद्ध लिहिलं होतं, न लाजता लिहिलं होतं. फॉर्मवरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "घरी वातावरण कसं असतं? म्हणजे मिस्टर घेतात का?"

मिस्टर माझ्या शेजारीच बसले होते. भोसरीच्या कारखान्यात क्वालिटी बघणारा माणूस, ज्याला सुपारीचंही व्यसन नाही. ते खाली बघून बुटाची लेस बांधत राहिले. ती बांधलेलीच होती.

मग अट आली. आईने रोज सकाळी वर्गाबाहेर बसायचं. मुलगी हाताबाहेर गेली की आत येऊन तिला आवरायचं. जमत नसेल तर दाखला घेऊन जा.

कुठे जाणार होतो? धायरीत तेव्हा रोज एक नवी इमारत उभी राहत होती आणि त्या प्रत्येक इमारतीतल्या आईबापांना इंग्रजी शाळा हवी होती. वर्षाच्या मधे, असला शेरा असलेल्या पोरीला कोण दारात उभं करणार? मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. साहेबांच्या हातापाया पडून दुसरी शिफ्ट मागून घेतली. सकाळी शाळा, दुपारी धायरी फाट्यावरून बस. ओळखपत्र मात्र शाळेत शिरण्याआधी गळ्यातून काढून पर्सच्या तळाशी टाकायची. कारण आधीच्या शाळेत ऐकलं होतं, आई नोकरी करते म्हणून पोर बिघडलं. तेव्हा इथे कुणाला कळू द्यायचं नाही. मला वाटलं, मी शहाणपणा केला.

दुसरा शहाणपणा याहून मोठा. अकोल्याहून आलेली मी, घरातली पहिली इंजिनिअर. मास्तरांची मर्जी राखली की लेकरू तरतं, हे मला आईने शिकवलेलं. मी स्वतःहून पेन्सिलींना टोक काढून द्यायला लागले. तक्ते चिकटवले. बालवाडीच्या पोरांना बाथरूमला नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. महिनाभराने बाई सांगायला लागल्या. दोन महिन्यांनी सांगायचंही बंद झालं, नुसतं बोट दाखवायच्या. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं टाकून दिली, मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाले आणि त्यासाठी डोकं फोडून घेतलं. त्यांनी फेकलेलं ते नातीने टाइल्सच्या फरशीवर पुन्हा हातात घेतलं. आणि त्याला ती पालकांचं सहकार्य म्हणत होती.

त्याच तुकडीत तसाच एक मुलगा होता. तोच आजार, तेच डॉक्टर. तो बाकावर चढायचा, खिडकीतून कंपास फेकायचा. त्याच्याबद्दल बाई म्हणायच्या, "फार क्रिएटिव्ह आहे हो, कंटाळतो बिचारा." त्याच्या आईलाही बसायला सांगितलं होतं. ती लायब्ररीत बसायची. पंख्याखाली, टेबलावर लॅपटॉप उघडून. तिला चहा जायचा. दोनदा तो मीच नेऊन दिला.

एकदा ती मला म्हणाली, "अगं, तू कशाला ही कामं करतेस? सरळ नाही म्हणायचं. आपणच स्वतःला कमी समजतो बघ." चांगल्या मनाने म्हणाली. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात, तुम्हाला सांगितलं तेव्हा?" तिने लॅपटॉपवरचा हात उचलला. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही." आणि परत लॅपटॉपकडे वळली.

इकडे डायरीत शेरे येतच होते. शांत बसते. हात वर करून बोलते. जागा सोडत नाही. मी ते घरी मोठ्याने वाचायची. मुलगी ऐकून घ्यायची आणि पंख्याकडे बघत राहायची. जी पोरगी जेवताना चारदा उठायची, ती ताट संपेपर्यंत हलेना. मला वाटलं, पोर मार्गाला लागली.

एका रविवारी सकाळी तिचे केस धुवायला बसले. दंडावर डाग दिसले. निळे, काळे, काही पिवळे पडलेले. दोन्ही दंडांवर, बाहीच्या आत लपतील एवढ्या वर. मी विचारलं, कोण मारतं? ती गप्प. मी ओरडले. तरी गप्प. मी तिच्या थोबाडीत मारली. साबणाचं पाणी डोळ्यात गेलं तरी तिने डोळे मिटले नाहीत.

मग बोलली. "मीच चिमटे काढते, मम्मी. हलावंसं वाटलं की काढते. टीचर म्हणतात, तू हललीस की मम्मीच्या हातात फडकं देईन."

नळ वाहत होता. बंद करायचं सुचलं नाही. त्या शाळेने माझ्या पोरीवर औषध शोधलं होतं. ते औषध मी होते. मला वाकवायचं, तिला दाखवायचं, आणि वर सुधारणा म्हणून लिहायचं. आणि मी रोज सकाळी साडेसातला, वेणीफणी करून, तो डोस घेऊन हजर.

सोमवारी नळाशी मावशी भेटल्या. शाळेची झाडलोट करणाऱ्या, धायरी गावातल्याच. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, राग मानू नगा. तुमी फडकं धरता म्हून मला आठवड्यातनं दोन दिस येऊ नगं म्हनल्यात. तुमचा पाय माझ्या पोटावर पडतोय."

मर्जी राखता राखता मी स्वतःच्या पोरीचे दंड काळे केले होते आणि दुसऱ्या बाईचा घास काढला होता. मला शाळेचा राग आला, पण आधी माझा आला.

पर्समधून ओळखपत्र काढलं. गळ्यात घालावं वाटलं. बघा, मी कोण आहे. मग हात थांबला. कार्ड बघून बाई मला सोडतील, आणि उद्या ज्या आईच्या गळ्यात कार्ड नाही तिला बसवतील. कार्डामुळे सुटायचं नव्हतं मला. ते परत पर्समध्ये टाकलं.

चित्रकलेच्या तासाला कुणाच्या तरी रंगाचं पाणी सांडलं. बाई दारात आल्या. "अहो, या."

"नाही."

त्यांना ऐकूच आलं नाही बहुतेक. परत म्हणाल्या, "या ना, पोरं घसरतील."

"मी पुसणार नाही. आणि माझ्या पोरीला माझा धाक घालायचा नाही."

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा लाल झाला. दहा मिनिटांत मला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, आम्ही स्वखुशीने मुलीचा दाखला घेऊन जात आहोत. शेजारी पेन ठेवलं होतं. म्हणाल्या, "तुमच्या लोकांना जरा सामावून घ्यायला गेलं की लगेच हक्क आठवतात. सही करा."

मी सही केली नाही. म्हणाले, "उद्या येते."

त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. घरी बसून लिहून काढलं. माझं कामच ते होतं. सॉफ्टवेअरमधली चूक कशी लिहायची ते मला रोजच्या सरावाने माहीत होतं. काय व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात काय झालं. कोणत्या दिवशी, कुणासमोर, कोणत्या शब्दांत. राग नाही, विशेषण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्याखाली त्यातलं काय काय पाळलं नाही ते. फडक्याचे दिवस. सवय असेल, हे वाक्य. मिस्टर घेतात का, हे वाक्य. तुमच्या लोकांना, हे वाक्य. पोरीच्या दंडांचे फोटो. चार पानं झाली. मिस्टरांनी वाचली आणि पहिल्यांदा म्हणाले, "मी पण येतो. या वेळी बोलतो."

दोन प्रती नेल्या. एक टेबलावर ठेवली, दुसरी पुढे केली. "पोच द्या. शिक्का मारून."

मुख्याध्यापिकांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "हे असं लेखी कशाला? बसून बोलू ना."

मिस्टर म्हणाले, "बोलणं झालंय. दाखला आम्ही मागितलेला नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा, कारण लिहा, खाली तुमची सही करा. आता शिक्का मारा."

शिक्का मारायला त्यांनी पाऊण तास लावला. आम्ही पाऊण तास उभे राहिलो.

त्यांनी तिला काढलं नाही. ठेवून छळलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शेवटच्या बाकावर, एकटी. वाढदिवसांची बोलावणी बंद. सहलीच्या यादीत नाव नाही. डायरी परत तक्रारींनी भरली. उठते, बडबडते, ऐकत नाही. प्रत्येक तक्रारीखाली मी उत्तर लिहिलं आणि प्रत्येक उत्तराची पोच घेतली. मावशींचे दोन दिवस मात्र त्यांना परत मिळाले. मुलीची चिमट्यांची सवय जायला दोन वर्षं लागली. तिने मला माफ केलंय की नाही, मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

आता माझ्याकडे आया येतात. धायरीच्या, बिबवेवाडीच्या, कुठून कुठून नंबर मिळवून. कुणी धुणीभांडी करणारी, कुणी बँकेतली. पोरगं ऐकत नाही, शाळा दाखला घ्या म्हणते, घरचे म्हणतात तुझंच वळण वाईट. त्या रडतात. मी त्यांना होईल सगळं ठीक असं सांगत नाही, कारण मला ते माहीत नाही. मी सांगते, शिक्षकांची मर्जी राखायला जाऊ नका. स्वखुशीने असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. डॉक्टरांचा कागद घ्या, आणि त्या खोलीत एकटीने जाऊ नका. एकटी बाई दिसली की त्यांना सगळं सुचतं.

मग मी एकच विचारते. "किती वाजता बोलावलंय? मी येते."