शालिनीमावशींचे शंभर उखाणे

अमेरिकेच्या सिनेटमध्ये किती सदस्य असतात, असं शालिनीमावशींना विचारलं की त्या आधी डोळे मिटायच्या. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या, किंचित लाजायच्या, आणि डोळे उघडून ठणकावून सांगायच्या, "हंड्रेड!" उत्तर बरोबर असायचं. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईने सिनेटच्या नावाने लाजावं, हे मी आयुष्यात दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मावशी आमच्या शेजारणीची, स्मिताची आई. मावशींचे यजमान अरविंदराव गेल्यावर स्मिताने त्यांना मिरजेहून इकडे, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आणलं. ग्रीन कार्ड झालं, नातवंडं झाली, इथली थंडीही अंगवळणी पडली. प्रश्न उरला तो अक्कांचा. अक्का ही मावशींची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, मिरजेत एकटी. मावशी तिच्याकडे गेल्या की महिने मोजत राहायच्या. ग्रीन कार्डवाल्याने फार दिवस देशाबाहेर राहिलेलं चालत नाही. परतताना विमानतळावरचा अधिकारी खोदून खोदून विचारतो.

"आमच्या ह्यांनी रेल्वेत जन्मभर लोकांना 'तिकीट दाखवा' म्हणून छळलं," मावशी म्हणायच्या, "त्याची फेड मी डेट्रॉइटच्या विमानतळावर करतेय."

म्हणून त्यांनी अमेरिकेचं नागरिक व्हायचं ठरवलं. नागरिक झालं की मिरजेला हवं तेवढं राहता येतं. अमेरिकन व्हायचं ते भारतात राहता यावं म्हणून, हा हिशेब मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा उलटा वाटला. कागद तपासले तर तो बरोबर निघाला.

मी अकाउंटंट. ओळखीतल्या निम्म्या लोकांचे टॅक्स मी भरतो, त्यामुळे जिथे कुठे आकडा दिसेल तिथे लोक मला बोलावतात. मावशींची शिकवणी अशीच माझ्याकडे आली. प्रश्न शंभर, त्यांतले अधिकारी दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. मी त्यांना समजावलं, "मावशी, अवघड असे वीसेक प्रश्न सरळ ऑप्शनला टाका. उरलेले पक्के करा. पास होण्याची शक्यता भरपूर आहे."

"शक्यता?" मावशींनी चष्मा काढला. "दिलीप, अरे कणीक अर्धीच मळली तर पोळी होण्याची शक्यता किती असते रे?"

"तसं नाही मावशी…"

"मी काहीही ऑप्शनला टाकणार नाही. ज्या देशात राहायचं तो काय ऑप्शनला टाकायचा?"

मी शंभर कार्डं बनवली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही ती पालथी घालायचो. इतिहास त्यांना आवडायचा, कारण त्यात त्या जातीने लक्ष घालायच्या. इंग्रजांनी चहावर कर लावला आणि लोकांनी पेट्याच्या पेट्या समुद्रात ओतल्या, हे ऐकून त्या हळहळल्या. "कर नाही द्यायचा तर नका देऊ, पण चहा फेकायचा? कुणाच्या तरी घरी नेऊन द्यायचा." घोडं अडायचं ते आकड्यांवर. झेंड्याचे पट्टे किती, तारे किती, न्यायाधीश किती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे प्रतिनिधिगृहातले, म्हणजे हाउसमधले, चारशे पस्तीस. तो आकडा आदल्या दिवशी पाठ व्हायचा आणि सकाळी कुठे जायचा कोण जाणे.

दिवाळीनंतर पहिली मुलाखत झाली. मावशी नापास झाल्या. इंग्रजी वाचलं, लिहिलं, सगळं नीट. पण प्रश्न सुरू झाले आणि पहिलाच आला तो चारशे पस्तीसचा. तो गेला आणि आपल्यामागून बाकीच्यांनाही घेऊन गेला. घरी येऊन त्या सोफ्यावर पर्स मांडीवर धरून बसल्या.

"तुझी कार्डं चांगली होती रे. पण तिथे सगळीच पांढरी झाली."

दुसरी संधी मिळते, तीच शेवटची. तीही गेली तर अर्ज रद्द आणि सगळं पहिल्यापासून. अक्कांच्या वयाकडे पाहता पहिल्यापासून म्हणजे काय, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हॉलमध्ये पैठण्या. मावशी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. त्यांना कुणी 'आत बसा' म्हटलं नव्हतं. वाट्यांत तिळगूळ भरायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मी कॉफी करत होतो, आणि करता करता कार्डं विचारत होतो.

"हाउसमध्ये किती?"

मावशींनी आणखी एक वाटी भरली. हॉलमधून उखाण्यांचा आवाज येत होता. माझी बायको नीला, मग स्मिता, मग कुणी नवी नवरी.

"गंमत बघ," मावशी म्हणाल्या, "माझ्या लग्नातला उखाणा मला अजून अक्षरन् अक्षर आठवतो. चव्वेचाळीस वर्षं झाली. आणि तुझा एक आकडा रात्रभर टिकत नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या. हातातला लाडू हातातच राहिला. ओठ हलले. मग लाडू वाटीत ठेवून, पदराला हात पुसून त्या थेट हॉलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझी परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "मला अभ्यास करायचाय." आणि खणखणीत आवाजात:

"सिनेटमध्ये शंभर बसतात, प्रत्येक राज्याचे दोन,
अरविंदरावांचं नाव घ्यायला मला अडवतंय कोण?"

माझ्या मागे दूध उतू जात होतं आणि मी ते पाहत होतो, नुसतं पाहत होतो. मग नीला ओरडली, "वाऽऽ मावशी! अजून एक!" आणि जो कल्ला झाला, तो बर्फ झटकणाऱ्या शेजाऱ्यालाही ऐकू गेला असणार. स्मिता एकाच वेळी हसत आणि रडत होती. मावशींना ओढून मधोमध बसवलं, आणि त्यांनी झेंडा, कोर्ट, नद्या असे एकामागून एक प्रश्न सोडवायला सुरुवात केली.

"सुप्रीम कोर्टात नऊ जण, निकाल त्यांचा शेवटचा,
अरविंदरावांच्या घरात मात्र शब्द चालायचा बायकोचा!"

"मिसूरी नि मिसिसिपी, लांबीला नाही तोड,
अरविंदरावांना जेवल्यावर रोज लागायचं गोड!"

पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी शंभरच्या शंभर प्रश्नांचे उखाणे केले. अरविंदरावांना मी कधी भेटलो नव्हतो. पण राज्यघटनेच्या दुरुस्त्या संपेपर्यंत मला त्यांच्याबद्दल पुष्कळ कळलं होतं. ते चहा उत्तम करत, शिट्टी बेसूर वाजवत, आणि भांडण झालं की आधी तेच बोलत. माझी कार्डं तळघरात गेली.

दुसऱ्या मुलाखतीला स्मिता घेऊन गेली, मी हट्टाने सोबत गेलो. आत मावशी एकट्याच. पुढचं त्यांनीच गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, तेही तीनदा. समोर चष्मा लावलेली उंच बाई होती. तिने प्रश्न विचारला की ह्या डोळे मिटायच्या, पुटपुटायच्या, लाजायच्या, उत्तर द्यायच्या. चौथ्या प्रश्नाला तिने पेन खाली ठेवलं.

"मॅम, हू इज अरविंद?"

"माय हजबंड. ही इज डेड," मावशी म्हणाल्या. "बट ही इज हेल्पिंग."

सहावं उत्तर बरोबर आल्यावर बाई म्हणाली, झालं, तुम्ही पास. मावशी जागच्या हलेनात.

"फोर मोअर क्वेश्चन्स!"

"मॅम, यू पास्ड."

"आय स्टडीड हंड्रेड."

बाईने घड्याळ पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि म्हणाली, एकच विचारते. पण या वेळी मोठ्याने म्हणा. आणि नेमकं हाउसमधल्या सदस्यांचं विचारलं.

"चारशे पस्तीस जण हाउसात, एकमत काही होईना,
अरविंदरावांशी धरलेला अबोला संध्याकाळपर्यंत राहीना!"

"मग? कळलं तिला?" मी विचारलं.

"मराठी कुठलं कळायला! पण हसली बघ. मग मी म्हटलं, फोर हंड्रेड थर्टी-फाइव्ह."

शपथविधीला मावशी हिरव्या साडीत, हातात छोटा झेंडा. त्याचे पट्टे त्यांनी खाली बसल्यावर मोजले. तेरा भरले, तेव्हा समाधानाने मान हलवली. भारताचा पासपोर्ट रद्द करायला द्यायच्या दिवशी मात्र त्यांनी त्यावरच्या जुन्या फोटोवर एकदा अंगठा फिरवला, एवढंच. मग नवं निळं पुस्तक आलं, भारतात राहायचं कार्ड आलं, आणि मी त्यांना विमानतळावर सोडलं. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. "तू पण काही मोजू नकोस हं," त्यांनी मला बजावलं.

यंदाच्या संक्रांतीला मिरजेहून व्हिडिओ कॉल आला. नीला आणि स्मिता माझ्या दोन्ही खांद्यांवरून डोकावत होत्या. मावशींच्या शेजारी अक्का बसल्या होत्या. त्या मावशींच्या कितीतरी आधी विधवा झालेल्या. मिरजेबाहेर फारशा कधी पडल्या नाहीत, अमेरिका तर दूरच.

"अक्का हटून बसलीय," मावशी म्हणाल्या. "म्हणते, मलाही तुझ्या परीक्षेतला एक प्रश्न घाल. घाल रे दिलीप."

मी सगळ्यांत सोपा विचारला. "अक्का, अमेरिकेचा झेंडा कसा आहे?"

अक्कांनी अधू डोळे मिटले. ओठ हलले. गाल आत ओढून त्या लाजल्या.

"पन्नास पट्टे, तेरा तारे, झेंड्याची ऐट मोठी,
विष्णुपंतांचं नाव इतक्या वर्षांनी आलं माझ्या ओठी!"

पट्टे आणि ताऱ्यांची साफ अदलाबदल झाली होती. मी सवयीने तोंड उघडलं. पलीकडून मावशी माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"बरोबर," मी म्हणालो. "अगदी बरोबर, अक्का."