टँकरचे पुढचे टायर

ही हकीकत मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. विषय निघाला की उठून बाहेर जायचो. आता वय झालं. पण अजून लिहिता येतं. तेव्हा घडलं ते घडलं तसंच लिहिणार आहे आणि स्वतःला कुठंही सवलत देणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी कळंबकडच्या एका सहकारी संघात ट्रकचा मेस्त्री होतो. संघाचे दोन ट्रक. एकावर पाण्याची टाकी बसवून त्याचा टँकर केला होता, दुसरा धान्य आणि कडबा वाहायचा. टँकरवरच्या ड्रायव्हरना सगळा संघ चाचा म्हणायचा. माणूस वयानं मोठा, तोंडानं मिश्कील, आणि गाडी इतकी हळू चालवायचा की पोरं मागं पळत टाकीला हात लावून यायची.

नवे टायर मिळत नसत. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून आणायचो. दिसायला तो नव्यासारखाच, पण लावायचा मागं. मागं एका बाजूला दोन-दोन चाकं असतात, एक फुटलं तरी दुसरं भार पेलतं. पुढं एकेकच, आणि गाडीचं वळणं त्याच्यावर. रबर चढवणारा दर वेळी बजावायचा, "मागंच लावा. आन् गाडी पळवू नका, तापलं की सुटतंय."

त्या उन्हाळ्यात माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं. वऱ्हाड सास्तूरला न्यायचं होतं, म्हणून मी दुसरा ट्रक मागून घेतला. त्याच्या पुढच्या टायरांची नक्षी पार गुळगुळीत झाली होती. ट्रकमध्ये माझी बायको, सासू, लेकरं बसणार. आदल्या संध्याकाळी मी टँकरच्या पुढचे दोन्ही चांगले टायर काढले आणि वऱ्हाडाच्या ट्रकला लावले. टँकरला पुढं रबर चढवलेले बसवले. मॅनेजरना विचारलं नाही. वऱ्हाड परतलं की बदलू, असा माझा हिशेब होता. मी स्वतः गेलो नाही. टँकर चालू होता, मेस्त्रीला सुट्टी नव्हती.

सकाळी चाचांनी चाकाला लाथ घातली आणि वाकून बघितलं.

"मेस्त्री, कलप लावलेलं म्हातारं पुढं कशापायी बसवलं?"

"आजच्या दिवस चालवा चाचा. सांच्याला बदलतो."

"हे मागं बसायचं गिऱ्हाईक हाय. उतारावर दगा देईल."

"तुम्ही कुठं पळवताय? तुमच्या म्होरं बैलगाडी निघून जाती."

ते हसले. "बाया हंडे लावून बसल्या असतील, न्हाय तर हललो नसतो बघा," म्हणत गाडीत चढले. मीही हसलो होतो.

दुपारी निरोप आला. येडशीच्या उतारावर पुढचा डावा टायर फुटला होता, गाडी डावीकडं ओढली गेली आणि भरल्या टाकीसह कलंडली. मी सायकल हाणत पोचलो तेव्हा चाचांना दवाखान्यात हलवलं होतं. गुडघ्याचा चुरा झाला होता. पाणी तर जमिनीनं कधीच पिऊन टाकलं होतं. रस्त्यावर चढवलेल्या रबराची लांब पट्टी सुटून पडली होती. मॅनेजर यायच्या आत मी ती गोळा केली आणि बाजूच्या कोरड्या विहिरीत टाकली. उरलेला टायर चिंध्या झालेला, आणि उजवा शाबूत होता तो दिसायला नव्यासारखाच. बघणाऱ्याला त्यातून काही कळलं नसतं.

मॅनेजरनी विचारलं, "मेस्त्री, टायर कसा होता?"

"चांगला होता साहेब."

"म्हणजे पळवली गाडी."

ज्यांच्या हळू चालवण्याची मी सकाळी थट्टा केली होती, त्यांच्यावर भरधाव चालवल्याचा ठपका बसला. दवाखान्यातून चाचांनी सांगून पाहिलं की पुढं रबर चढवलेलं होतं. संघात कुणी मानलं नाही, कारण मेस्त्रीनं चांगला म्हटलं होतं. नोकरी गेली. पाय पुढं बरा झाला, जरा लंगडत चालायचे, पण पळवणाऱ्याच्या हाती परत कुणी गाडी दिली नाही. आडत बाजारात ते पोती शिवायला बसले. मी तिकडचा रस्ता सोडला.

पुढं बऱ्याच वर्षांनी, साखर कारखान्यांचे ट्रक वाढले तेव्हा, एकदा मन घट्ट करून त्यांच्या घरी गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. त्यांनी बाजेवर बसवलं, चहा सांगितला. दारात त्यांच्या मुलाचा ट्रक उभा होता.

"मेस्त्री आलेत. पुढचे टायर दाखव रे त्यांना," ते मुलाला म्हणाले. "त्यांच्या हाताखालून गेल्याबिगर पुढं टायर लावायचा न्हाय."

हा टोमणा होता की भरवसा, मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. खाली बसून दोन्ही टायरांवरून तळवा फिरवला, एकाच्या बाजूला चीर होती ती दाखवली आणि बदलायला सांगितलं. चहा प्यालो. पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. पुन्हा येतो म्हणालो. गेलो तो थेट त्यांच्या मयतीला.

त्यांचा मुलगा अजून कळंबात आहे. हे कागद मी त्याच्या हातात देणार आहे, त्यानं ते कुणालाही वाचून दाखवावेत. त्या दिवशी बाजेवर बसून म्हणायचं होतं ते एवढंच होतं: चाचा, तुम्ही गाडी पळवली नव्हती. चांगले टायर मी माझ्या माणसांसाठी काढून घेतले. पट्टी मी विहिरीत टाकली, आणि साहेबांपुढं खोटंही मीच बोललो. मला माफ करा.