निरंजनच्या गाडीची डावी मूठ

रोजच्या वहीत मी तिथी, उपास आणि कोण आलं-गेलं एवढंच लिहिते. आज मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली, नैवेद्य झाला, तरी मन नांदे गावच्या रंभाबाईंच्या पडवीतून निघेना. म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

रंभाबाईंचा नवरा लवकर गेला. चार म्हशींवर त्यांनी एकुलत्या निरंजनला वाढवलं. पोर पहाटे सायकलला किटल्या अडकवून रतीब घालायचं आणि थंडीत परत आलं की त्याची बोटं निळी पडलेली असायची. रंभाबाई ते हात चुलीपुढे धरायच्या नाहीत. स्वतःच्या काखेत धरून बसायच्या. म्हणायच्या, जाळाची ऊब वरवरची, अंगाची आत जाते.

पुढे सगळीकडे इमारती आल्या, म्हशी गेल्या आणि निरंजनने लांबच्या प्रवासाची एक जुनी मोठी मोटारसायकल घेतली. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच. थंड मुलखात फिरायचं वेड. त्याने हँडलच्या मुठी बदलून घेतल्या होत्या. आत तारा असतात, बटण दाबलं की रबर तापतं.

"आये, आता माझं हात गार न्हाई पडायचं," तो म्हणाला होता.

"आन् डोकं? त्याला बटन हाय का कुटं?" रंभाबाई म्हणाल्या होत्या. हे आमच्यासमोरचं.

दोन वर्षांमागे आषाढात, लडाखच्या वाटेवर उंचावर, तंबूत झोपेतच त्याला श्वास लागला आणि तो गेला. घरी आणला तेव्हा रंभाबाईंनी त्याचा हात उचलून काखेत धरला. सोडेचनात. दोघींनी मिळून त्यांना बाजूला केलं, त्यातली एक मी.

गाडी मागून रेल्वेने आली. आमच्या ह्यांनीच ती स्टेशनातून सोडवून आणली. आमचं भरे गावात गॅरेज आहे, लोक ह्यांना भिवाजी मिस्त्री म्हणतात. गाडी पडवीत लावली. बॅटरी वेगळी गोणपाटात बांधून आली होती, ती ह्यांनी माळ्यावर ठेवली.

दहाव्याला कावळा शिवेना. दीड तास झाला. शेवटी सून, नम्रता, पिंडापुढे हात जोडून म्हणाली, "तुमची गाडी विकणार नाही." तेव्हा शिवला. घरी आल्यावर रंभाबाईंनी सहज गाडीची डावी मूठ धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. "गरम हाय," म्हणाल्या. कोणी पुढे होऊन हात लावून पाहिला नाही. मीही नाही.

तेव्हापासून त्यांची सकाळ त्या मुठीपाशी. हरिपाठाला यायचं बंद झालं. भावाकडे रात्रभर राहणं बंद झालं. "पहाटं त्यो यायचा आन् मी नसायची," असं एकदा मला म्हणाल्या. मी घरी येऊन जपाची माळ घेतली, पण मणी कुठवर आला ते कळेना.

परवा ह्यांना नम्रताचा फोन आला. ती हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला आहे, सकाळी घाईत असते. सासूला ती आत्याबाई म्हणते. म्हणाली, "दादा, मुठीचं रबर विरघळलंय. करपल्याचा वास येतो. शेजारीच भावकीचा कडबा रचलाय. आत्याबाई मला हात लावू देत नाहीत."

काल सकाळी हे गेले, मीही सोबत गेले. रंभाबाई पाटावर बसून होत्या, हात मुठीवर.

"भिवा, हात धुतलंस का?"

"धुतलं, मावशी."

"गॅरेजातलं न्हवं. चांगलं धू."

हे मुकाट्याने मोरीवर जाऊन आले. ह्यांची एक रीत आहे. गाडीला काय होतंय ते आधी विचारत नाहीत, तुम्ही तिला काय काय करता ते विचारतात. तसंच विचारलं.

"काय करनार? दिवेलागनीला दिवा लावते, उदबत्ती ओवाळते. मंग तो चार्जर लावते. निरंजन सांगायचा, आये, बॅटरी उतरू द्यायची न्हाई. सकाळी उजाडलं की काढते. खंडेनवमीला न्हाऊ घालते. हळद-कुंकू, आन् नारळ फोडून पानी हँडलवरनं सोडते."

"पयल्या वर्षी पन? घरात सुतकाचं वरीस असून?"

"मानसाला सुतक. गाडीला कसलं?"

ह्यांनी डाव्या मुठीला हात लावला. कोमट होती. किल्ली तर देव्हाऱ्यात. उजवी गार. बॅटरीला टेस्टचा बल्ब लावला, तो पेटला. मग चार्जरचा प्लग, जो आज अजून भिंतीतच होता, काढला तसा बल्ब मंद होत होत विझला. बॅटरी केव्हाच मेली होती. चार्जर चालू तोवर मूठ गरम, एवढंच. उजव्या मुठीची तार मुळाशीच तुटलेली, कारण रेस देताना तीच मूठ फिरते. शेवटी बटणाची डबी उघडली. आत हळदीचा चिकटा आणि त्यावर हिरवा गंज. दोन्ही पत्रे एकमेकांना धरून बसलेले. बटण बंद असो की चालू, वीज जायचीच. सीटखाली तार वितळून उघडी पडलेली.

मला वाटलं, हे आता काहीतरी सावरून सांगतील. पण गाडीबद्दल हे खोटं बोलत नाहीत, गिऱ्हाईक कोणीही असो.

"मावशी, नारळाचं पानी आत गेलं. त्यानं बटन चिकटलं. तुमी सांजच्याला चार्जर लावता, म्हनून सकाळी मूठ तापती."

रंभाबाईंना समजायला वेळ लागला. नम्रता ऑफिसची पर्स खांद्याला तशीच घेऊन दारात उभी होती.

"म्हंजे मीच तापवत व्हते म्हन की," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"दोन वरीस."

"व्हय मावशी. आन् असंच चाललं तर कडबा पेटंल. घरात तुमी दोघीच."

त्या नम्रताकडे बघत राहिल्या. "लोकांनी हात सोडवला तवा तापवता आला न्हाई," म्हणाल्या, "तो असा तापवला व्हय."

सोडवणारे हात माझे होते. मी खाली बघितलं.

मग त्यांनी विचारलं, "आन् दहाव्याला, भिवा? तवा कुटं व्हता चार्जर? तवा नारळ पन न्हवता फोडला."

हे पान्ह्याने बोट खरवडत बसले. बॅटरी ह्यांनीच पुढे त्या वर्षीच्या दिवाळीला माळ्यावरून काढून बसवली होती. चार्जरही तेव्हाच आणला. दहाव्याच्या दिवशी त्या गाडीत वीज म्हणून काही नव्हतीच.

"त्या दिशी गाडीत बॅटरीच न्हवती, मावशी. ते मला ठावं न्हाई."

"ऊन असंल," रंभाबाई म्हणाल्या.

"असंल."

आषाढ होता. आठ दिवस मुळशीत सूर्य दिसला नव्हता, दशक्रियेला घाटावर छत्र्या धरल्या होत्या. आम्हां चौघांनाही ते आठवत होतं.

"काढ तारा," त्या म्हणाल्या. "ह्या पोरीला हितं जळायला ठिवू का मी?"

नम्रताने पर्स खाली ठेवली आणि त्यांच्यामागे येऊन बसली. ह्यांनी तारा कापून बाहेर ओढल्या, मेलेली बॅटरी काढली, चार्जर पिशवीत घातला. रबरी मुठी तेवढ्या राहू दिल्या. रंभाबाईंनी उठून पहिल्यांदाच दोन्ही मुठी धरल्या, उजवी आणि डावी.

"सारख्याच गार हायत," म्हणाल्या. मला म्हणाल्या, "शनवारी हरिपाठाला यीन. टाळ कुनाकडं हाय?"

"तुमचाच आहे, ठेवलाय," मी म्हटलं.

आज सकाळी नम्रताचा फोन होता. काल दिवेलागणीला आत्याबाई दिवा लावून सवयीने भिंतीपाशी गेल्या, प्लगच्या जागी हात ठेवून थोड्या उभ्या राहिल्या आणि आत आल्या. रात्री भावाला फोन करून रविवारी मुक्कामाला येते म्हणाल्या. एवढं सांगून नम्रता थांबली. मग हळूच म्हणाली, "वहिनी, पहाटे त्या झोपल्या होत्या तेव्हा मी जाऊन मूठ धरली."

गरम होती की गार, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.