मेलबर्न ते नाकाडोंगरी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. सख्ख्या मैत्रिणीजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

तुमसरला माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, विमान, सगळं. मेलबर्नहून नागपूर दहा हजार किलोमीटरच्या वर. दिल्लीला विमान बदलायचं, मग नागपूरहून आमच्या नाकाडोंगरीपर्यंत गाडीचे तीन तास. सगळं धरून एक दिवस, फार तर दोन-चार तास वर. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ प्रकाश, तिकडे नोकरीला. त्याची तिकिटं मीच काढायचे. हा हिशेब मला तोंडपाठ होता.

आई आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणंमुतणं मी काढलं. आणि ती? दाराकडे बघून विचारायची, "प्रकाश कवा येते वं?" दादाचा दहा मिनिटांचा फोन आला की दिवसभर खूश. घर की मुर्गी दाल बराबर — दुसरं काय! मी जळायचे. सरळच सांगते, जळायचे.

ती सकाळी गेली. मी दादाला फोन केला. तो लहान पोरासारखा रडला. "शेवटचं तोंड पाहू दे मले. किती वेळ लागल? तूच सांग, मले काई सुचून नाई राह्यलं."

काका म्हणाले, "उद्या सांजपरेंत थांबू ना बाई. पोटचा पोरगा हाये." तुमसरहून बर्फाची पेटीही मिळत होती.

मी मोबाइलवर पाहिलं. त्याच दुपारच्या विमानात जागा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात उभा राहिला असता. आणि मी त्याला सांगितलं — तीन दिवस लागतील, सीटच नाही, तोवर आईला ठेवता येणार नाही. काकांनाही तेच सांगितलं. कुणी तपासलं नाही. विमानाचं मला समजतं, हे गावाला माहीत होतं.

का केलं असं? निदान मेल्यावर तरी ती माझी एकटीची हवी होती. इतकंच. किती हलकट विचार, नाही?

घाटावर मी व्हिडिओ कॉल लावला. नेटवर्क तुटत होतं. "दिसून नाई राह्यलं वं, जवळ ने," तो ओरडत होता. मी फोन जवळ नेईपर्यंत आईच्या तोंडावर लाकडं रचली गेली होती.

तेरवीला तो आला. एका दिवसात आला. बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "इतक्या लवकर पोचतो, तं तवा काहून नाई जमलं वं?"

तेव्हा सीट नव्हती, मी म्हणाले. पुन्हा. त्याच्या डोळ्यांत बघून.

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुयी काय चूक त्याच्यात?"

मी ओक्साबोक्शी रडले. त्याला वाटलं, आईसाठी.