दाजींची काठी

दाजी गेल्याचं सांगायला लछमन आला तेव्हा मी जेवत होतो. ताट संपवून मगच उठलो. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण दाजींविषयी नुसतं चांगलं लिहायचं तर दोन ओळींत आटपेल.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, रामभाऊ. अंबरनाथच्या अलीकडचं आमचं तळं आज नितळ आहे ते त्यांच्यामुळे, हे त्यांचे वैरीसुद्धा नाकारणार नाहीत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे कँप वसले, माणसं वाढली आणि गुरं, धुणी, निर्माल्य असं सगळंच तळ्यात येऊ लागलं. दाजींनी गावातली आणि कँप पाचमधली माणसं जमवून मंडळ काढलं. उन्हाळ्यात गाळ उपसायचा, एरवी आळीपाळीने पहारा. गाळ किती साचला ते बघायला त्यांच्या हातात बांबूची उंच काठी असे; ती माणसांच्या पाठीवरही चाले. सिंधमधून नुकताच आलेला लछमन पोरांचे कपडे धुवायला बसला, तर दाजींनी त्याचं धुणं बादलीसकट रस्त्यावर भिरकावलं. पुढे हाच लछमन मंडळातला सगळ्यांत कडक पहारेकरी झाला.

अक्काने वर्षानुवर्षं गाळाच्या पाट्या वाहिल्या. पोटी मूल नव्हतं, तळ्यालाच ती लेक म्हणायची. क्षयाने अंथरूण धरलं तेव्हा दाजींना एवढंच म्हणाली, "मला नदीत नका हो सोडू. नदी वाहून नेते... आपल्या तळ्यात ठेवा." दाजी उशाशी बसले होते. म्हणाले, "तळ्यात राख टाकायची नाही. नियम सगळ्यांना सारखा." मरणाऱ्या बाईला नुसतं 'बरं' म्हणायला काय जात होतं? खोटं का होईना! अक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. तिच्या अस्थी मी बदलापूरला नेऊन उल्हास नदीत सोडल्या. दाजी त्या दिवशी पहाऱ्यावर होते.

तळं राखी तो पाणी चाखी, असं म्हणतात. दाजींनी तेही सोडलं. अक्का गेल्यापासून ते विहिरीचं पाणी पीत. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांना काही विचारायची कुणाची छातीच नव्हती. शेवटच्या आजारात मात्र त्यांनी माझा हात धरला. "शंकर, मला तळ्यातच सोड रे. तिचा घाम आहे तिथे..." मी हात सोडवून घेतला.

तरीही अस्थींचं मडकं घेऊन मी तळ्यावर गेलोच. लछमन पायरीवर आडवा उभा राहिला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "शंकरभाऊ, माफ करो. रामभाऊ का कायदा है. भाभी को नहीं दिया, तो उनको कैसे दूँ?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अगदी मनापासून बरं वाटलं. आणि मग बदलापूरच्या वाटेवर मडकं मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडलो. अक्काला नदीने केव्हाच समुद्रापर्यंत नेलं असेल. दाजींना आता तिथवर एकट्यानेच जायचं होतं.

त्यांची काठी मंडळाने पायरीशी रोवली आहे, पाणी किती आहे ते कळावं म्हणून. परवा उन्हातून चालत तिथे पोचलो. पाय धुळीने माखलेले, आसपास चिटपाखरू नव्हतं. पाय पाण्यात सोडावेत म्हणून पायऱ्या उतरलो आणि काठी दिसली... तसाच वर आलो. रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जाऊन पाय धुतले.